स्लो लोकलमधलं एमबीए

मे २०२२ मध्ये आमच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन मॅनेजरची जागा रिकामी झाली. मी त्या टेबलावर सोळा वर्षं होते. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, बिल ऑफ लेडिंगचे ड्राफ्ट, कस्टम्सच्या क्वेरी, सगळं हाताखालून गेलेलं. जागा बाहेरून भरली. आलेला मुलगा एकतीस वर्षांचा, कामाला चांगला, स्वभावानंही चांगला. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो, पण त्या ग्रेडला पीजी लागतं." मी बी.कॉम., २००२; पदव्युत्तर पदवी नाही. त्या दिवशी सहाच्या ऐवजी पावणेसहाला निघाले, एवढाच काय तो निषेध.

दोन वर्षांनी एमबीए झाले. तेव्हापासून डब्यातल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणी विचारतात, "कसं केलंस गं? मला जमेल का?" प्रत्येकीला घाटकोपर ते कुर्ला एवढ्या वेळात सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय. तारखा माझ्या डायरीतल्या आहेत. फीचे आकडे माझ्या वेळचे. तुम्ही भराल तेव्हा विद्यापीठाच्या साइटवर बघूनच भरा.

पहिले पंधरा दिवस नुसते पर्याय चाळण्यात गेले. फुल टाइम एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी) म्हणजे सीईटी, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) आणि नोकरीला रामराम. ते शक्यच नव्हतं. मुंबई विद्यापीठाचे संध्याकाळचे पार्ट टाइम मास्टर्स तीन वर्षांचे, आणि आमच्याकडे जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे कागद देण्याची शेवटची वेळ, नेमका संध्याकाळीच असतो. सहाच्या वर्गाला मी आठवड्यातून दोनदाही पोचले नसते. मग एका खाजगी ठिकाणी 'ऑनलाइन एमबीए'ची चौकशी केली. तिथल्या समुपदेशकानं तीन दिवसांत मला चौदा फोन केले. दर फोनला सवलत 'आज रात्री बारापर्यंतच' असायची. चौदाव्या फोनला माझा निर्णय झाला, फक्त त्याला हवा होता तो नाही.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, सुचवलं आमच्या लेडीज डब्यातल्या एका नर्सनं. ती तिथून नर्सिंगची पदवी करत होती. मी साइट उघडली आणि रात्री साडेअकरापर्यंत माहितीपत्रक वाचत बसले. एमबीएची प्रवेश परीक्षा बंद झालेली होती. पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. मला ५४ होते. कोर्स कमीत कमी दोन वर्षांत, जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा करायचा. ते 'चार' वाचलं आणि जिवात जीव आला. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता होती, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचीही होती.

पैसे भरायच्या आधी मी एक काम केलं, ते तुम्हीही कराच. एचआरला मेल टाकला: अमुक विद्यापीठाची दूरस्थ पद्धतीची एमबीए त्या ग्रेडसाठी ग्राह्य धरणार का? तोंडी विचारलं असतं तर "हो हो, चालेल की" म्हणाले असते आणि दोन वर्षांनी कोणी ओळख दिली नसती. मेलचं उत्तर यायला अकरा दिवस लागले. 'ग्राह्य' असं एका ओळीचं उत्तर. त्याची प्रिंट अजून माझ्या फायलीत पहिली आहे.

फॉर्म भरायला बसले ११ जुलैला. फॉर्म ऑनलाइनच, समर्थ पोर्टलवर. फोटो आणि सही १०० केबीच्या आत, बाकीची कागदपत्रं २०० केबीच्या आत. माझी टीवायची मार्कशीट २००२ मध्ये वडिलांनी मोठ्या हौसेनं लॅमिनेट करून घेतलेली. मोबाइलवर फोटो काढला की बरोबर एकूण गुणांवर ट्यूबलाइटचा पट्टा. शेवटी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतली, साइजही त्यानंच कमी करून दिली. ३० रुपये. घरी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या त्यासाठी.

खरी अडचण नावाची. मार्कशीटवर मी माहेरची, आधार कार्डावर सासरची. फॉर्मवर कोणतं नाव टाकू? दोन दिवस फॉर्म तसाच अर्धा ठेवला आणि शनिवारी मुलुंडला इग्नूच्या प्रादेशिक केंद्रात गेले. भांडुपहून दोन स्टेशनं, त्यामुळे फार जिवावर आलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "पदवीवर आहे तेच नाव टाका. लग्नाचा दाखला जपून ठेवा, लागला तर दाखवा." म्हणजे वीस वर्षांनी मी पुन्हा वडिलांच्या नावानं विद्यार्थिनी झाले. आता प्रवेशासाठी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा) आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा) लागतात आणि ते आधारवरून निघतात. तेव्हा नावातला फरक असेल तर तो फॉर्म उघडायच्या आधीच मिटवून घ्या.

फी सेमिस्टरला साडेपंधरा-सोळा हजारांच्या घरात. पुस्तकं छापील नकोत, पीडीएफ चालतील म्हटलं तर १५ टक्के सूट मिळते. हे म्हणाले, घे सूट, दोन-अडीच हजार वाचतील. मी छापील घेतली. लोकलमध्ये एका हातानं कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी 'व्यवस्थापनाची कार्यं' वाचू शकले नसते. हा खर्च मला आजही योग्य वाटतो.

प्रवेश पक्का झाल्याचा मेसेज २९ जुलैला आला. दहा आकडी एनरोलमेंट नंबर. पुढची दोन वर्षं हा नंबर इतक्या वेळा लिहिला की बँकेत एकदा खातं क्रमांकाच्या जागी तोच लिहून आले.

पुस्तकांचं पार्सल गणपतीत आलं. मी मोदकांची उकड मळत होते आणि फोन वाजला. पोस्टमन गेटवर, आणि आमचा वॉचमन त्याला छातीठोकपणे सांगतोय, "या नावाचं इथं कोणी राहत नाही." खरंच होतं त्याचं. सोसायटीत माझं माहेरचं आडनाव कोणाला ठाऊक? पिठाच्या हातानं खाली गेले, सही केली. संध्याकाळी लेटरबॉक्सवर माझं जुनं नाव कागदावर लिहून चिकटवलं. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "पेइंग गेस्ट ठेवलाय का?"

आता अभ्यास. माझं घर भांडुप पश्चिमेला, ऑफिस फोर्टमध्ये. सकाळी स्लो लोकलला घाटकोपरपर्यंत उभं राहायचं. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरतात, तेव्हा आधीपासून 'कुठे उतरणार?' विचारून धरून ठेवलेली जागा मिळते. तिथून सीएसएमटीपर्यंत वाचन. संध्याकाळी सीएसएमटीलाच बसायला मिळतं, म्हणजे जवळजवळ तासभर. पण संध्याकाळचा तास आणि सकाळचा तास सारखे नसतात. सकाळी जे पान एकदा वाचून कळायचं ते संध्याकाळी तीनदा वाचूनही डोक्यावरून जायचं. म्हणून सकाळी नवीन धडा, संध्याकाळी फक्त उजळणी असं ठरवून टाकलं. वाचन जिथं थांबेल तिथं समासात पेन्सिलनं स्टेशनचं नाव लिहायचे. बुकमार्क गर्दीत पडतो, पेन्सिल राहते.

इग्नूच्या पुस्तकांत 'ब्लॉक' असतात आणि ब्लॉकमध्ये 'युनिट'. पहिल्या सेमिस्टरला सात विषय: व्यवस्थापन, एचआर, व्यवसायाचं वातावरण, अकाउंटिंग, संख्यात्मक विश्लेषण, मार्केटिंग आणि बिझनेस कम्युनिकेशन. मी मराठी माध्यमातली. बारावी कॉमर्सला अर्थशास्त्र मराठीतून केलेलं. इंग्रजी मला घाबरवत नाही, दिवसभर परदेशी एजंटांशी इंग्रजीतूनच मेल चालतात. पण आमचं इंग्रजी म्हणजे 'काइंडली कन्फर्म' आणि 'प्लीज फाइंड अटॅच्ड'. सलग चार पानं एका मुद्द्यावर इंग्रजीतून लिहायची सवय कुठली असणार? पहिला महिना मी वाक्यं लिहून खोडत होते. मग एक युक्ती सापडली. उत्तराचा सांगाडा मराठीत, समासात, चार-पाच शब्दांत, आणि मग त्यावरून इंग्रजी. पुढे मॅनेजरियल इकॉनॉमिक्समध्ये 'मागणीची लवचिकता' आली तेव्हा तर वीस वर्षांपूर्वीच्या सरांचा आवाजच कानात आला. त्या पेपराला मला सगळ्यांत कमी कष्ट पडले.

अभ्यास केंद्र दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात होतं. रविवारी समुपदेशनाचे वर्ग. यायलाच हवं अशी सक्ती नाही. पहिल्या रविवारी आम्ही तीसेक जण होतो, चौथ्या रविवारी सहा. रविवारी मेगाब्लॉक असला की मी हातात ब्लॉक ३ घेऊन प्लॅटफॉर्मवर. तरी मी जात राहिले. शिकवण्यासाठी म्हणाल तर वर्ग कधी चांगले, कधी बरे. जायचे ते त्या सहा जणांसाठी. त्यात एक बेस्टमधले कंडक्टर होते, एक नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक सायनच्या, म्हणजे शीवच्या, बाजूची शाळेतली क्लार्क. कुठली तारीख कधी आहे हे मला विद्यापीठाच्या साइटपेक्षा कंडक्टरसाहेबांकडून आधी कळायचं.

पहिलं मोठं फजितीचं प्रकरणही त्यांच्यामुळेच कळलं. मला वाटलं होतं, सेमिस्टरची फी भरली म्हणजे परीक्षेची आलीच. नाही. परीक्षेचा फॉर्म वेगळा, पेपरामागे २०० रुपये वेगळे. नोव्हेंबरात एका रविवारी ते सहज म्हणाले, "मॅडम, सेंटर कुठलं टाकलं?" मी म्हटलं, "कसलं सेंटर?" त्यांचा चेहराच सांगत होता. मुदत टळून गेलेली. सात पेपरांचे १,४०० आणि लेट फी १,१०० असे मिळून अडीच हजार भरले, आणि जवळची सगळी केंद्रं भरल्यामुळे नवी मुंबईतलं केंद्र घ्यावं लागलं. दोष कोणाचा नाही, माझाच. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय. तर लक्षात ठेवा: दर सेमिस्टरला पुन्हा नोंदणी ही एक गोष्ट, परीक्षेचा फॉर्म ही दुसरी, आणि असाइनमेंट ही तिसरी. तिन्हींच्या तारखा वेगळ्या आणि तुम्हाला कोणीही आठवण करून देणार नाही. मी त्यानंतर तिन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेननं लिहायला लागले. सासूबाई रोज संकष्टी-एकादशी बघतात, त्या ओघात ओरडायच्या, "अगं, तुझं काहीतरी आहे बघ परवा!"

असाइनमेंटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बरेच लोक इथंच सोडतात. दर विषयाला एक असाइनमेंट, तिचं वजन ३० टक्के, उरलेले ७० सत्रान्त परीक्षेचे. आणि ती हातानं लिहायची. हातानं! मी २००२ नंतर सही आणि किराण्याची यादी सोडून हातानं काही लिहिलेलं नव्हतं. ए-फोरचे कागद आणले, दोन रिमा. निळी बॉलपेनं डझनभर. पहिल्या संध्याकाळी दोन पानं झाली आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ गेली. तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाला, पेन टेकतं तिथं, शाळेत असायचा तसा घट्टा यायला लागला. माझा मुलगा तेव्हा दहावीला होता. रात्री साडेनऊला ताटं उचलली की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो, एका टोकाला मी, मध्ये एकच कंपासपेटी. तो माझी पानं मोजायचा. "आई, चौथ्या प्रश्नाचं एवढंच? बोर्डात मार्क कापतील." त्याला मी कशाला सांगू की मला झोप अनावर झाली होती.

सात असाइनमेंट, प्रत्येकी पंधरा ते अठरा पानं. ऑक्टोबरअखेर द्यायच्या. मी गणपती उरकल्यावर सुरू केल्या आणि दिवाळीचा फराळ त्या वर्षी विकत आणला. याच घाईत एक चूक केली: अकाउंटिंगच्या असाइनमेंटच्या मुखपृष्ठावर विषयाचा कोड संख्यात्मक विश्लेषणाचा टाकला. एमएमपीसी-००४ च्या जागी ००५. फेब्रुवारीत गुण दिसायला लागले तेव्हा सहा विषयांचे होते, अकाउंटिंगची जागा रिकामी. नशिबानं जमा करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते आणि पोचही होती. अर्ज, पोचेची झेरॉक्स, फोटोंची प्रिंट, दोन फेऱ्या, तीन आठवडे, झालं दुरुस्त. तेव्हापासून माझा नियम: मुखपृष्ठ रात्री लिहायचं नाही. सकाळी, चहा झाल्यावर.

डिसेंबर २०२२. परीक्षा महिनाभर पसरलेली असते, कधी सकाळी दहा ते एक, कधी दुपारी दोन ते पाच. ऑफिसात सलग सुट्टी मागायचा प्रश्न येत नाही, तुटक तुटक मागावी लागते, आणि ती साहेबांना जास्त खुपते. मी सात अर्धे दिवस मागितले. पाच मिळाले, दोन दिवस बिनपगारी. भांडुपहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारचा पेपर होता आणि मला उपास. सासूबाई म्हणाल्या, "देवीला कळतं गं, खाऊन जा." मी नाही ऐकलं. पावणेचारला हात कापायला लागला. पर्यवेक्षक बाईंनी स्वतःच्या डब्यातली राजगिऱ्याची चिक्की आणून बाकावर ठेवली आणि काही न बोलता पुढे गेल्या. त्यांचाही उपासच असणार.

निकालात सहा सुटले, संख्यात्मक विश्लेषण राहिलं. मोबाइलवर बघितलं तेव्हा गाडी कुर्ल्यात होती. खूप वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर आधी हसू आलं. बेचाळिसाव्या वर्षी नापास. घरी मुलाला कसं सांगायचं, त्याची बोर्डाची परीक्षा तोंडावर. सांगितलं. तो म्हणाला, "एटीकेटी ना? चालतं."

त्या विषयासाठी मग शिकवणी लावली. खालच्या मजल्यावरचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एरवी मला काकू म्हणतो. शिकवायला बसला की मी त्याला सर म्हणायचे आणि तो लाजून वहीत डोकं घालायचा. पैसे घेईना, म्हणून दर रविवारी पुरणपोळी नाहीतर वालाचं बिरडं. मला प्रमाण विचलन काही केल्या शिरत नव्हतं. त्यानं सांगितलं, "काकू, घरातून स्टेशनला शेअर रिक्षानं किती मिनिटं लागतात ते वीस दिवस लिहून ठेवा." लिहिलं. बारा, चौदा, अकरा, सव्वीस, तेरा. सरासरी आली पंधराच्या आसपास. "आता सांगा, पंधरा मिनिटं आधी निघालं की पुरतं?" मी म्हटलं, "छे! तो सव्वीसचा दिवस असतो ना." "तेच," तो म्हणाला. मला त्या क्षणी कळलं ते सहा महिने पुस्तकातून कळलं नव्हतं. एक वितरण होतं, ते मी महिनाभर 'पॉयझन डिस्ट्रिब्यूशन' वाचत होते. त्यानं हसू दाबत सांगितलं की ते माणसाचं नाव आहे, फ्रेंच, आणि उच्चार प्वासाँ. आमच्या घरी मात्र ते विषच राहिलं.

जून २०२३ ला दुसऱ्या सेमिस्टरचे सात आणि हा एक असे आठ पेपर होते. सातच देऊ शकले. एका दिवशी १०२ ताप होता. प्वासाँ सुटला. मुलाची दहावीही सुटली, माझ्यापेक्षा बऱ्याच चांगल्या गुणांनी. या सेमिस्टरला सगळ्यांत जड गेला तो मार्च. आमच्याकडे ३१ मार्चला रात्री साडेदहापर्यंत बसावं लागतं आणि असाइनमेंटची मुदतही त्याच सुमाराला असते. मुदत पुष्कळदा वाढते हे खरं, पण ती वाढेल या भरवशावर राहिलेल्या दोघांना मी शेवटच्या रात्री लिहीत बसलेलं पाहिलंय.

तिसऱ्या सेमिस्टरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हात बसला होता, तारखा पाठ होत्या. वैकल्पिक विषय मी एचआरचे घेतले. सगळ्यांना वाटलं ऑपरेशन्स घेईन, कारण काम तेच. पण कागद कसे हलवायचे ते मला येत होतं. ते हलवणारी माणसं का टिकत नाहीत ते हवं होतं. तापात राहिलेला पेपर डिसेंबर २०२३ ला दिला.

प्रोजेक्टचाही विषय मग तोच झाला. आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा, मग काम, मग अहवाल. मार्गदर्शक तुम्हीच शोधायचा: व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी आणि किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, आणि त्यांचा सही केलेला बायोडेटा प्रस्तावाला जोडायचा. मी कोणाला विचारलं असेल? तोच एकतीस वर्षांचा मुलगा, जो माझ्या डोक्यावर बसला होता. एमबीए होता, अनुभव सात वर्षांचा. विचारायला मला तीन दिवस लागले. तो पटकन हो म्हणाला, आणि मग म्हणाला, "मॅडम, खरं तर ती जागा तुमचीच होती." मी म्हटलं, "असू दे, इथं सही करा."

पहिला प्रस्ताव परत आला. शीर्षकात मी 'भारतातील लॉजिस्टिक्स उद्योग' लिहिलं होतं. शेरा होता, व्याप्ती कमी करा. बरोबरच होतं, मी काय भारतभर फिरणार होते? दुसऱ्यांदा लिहिलं: फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंग (माल कस्टम्समधून सोडवून पुढे पाठवणाऱ्या) कंपन्यांतलं डॉक्युमेंटेशनचं टेबल. मंजूर व्हायला सगळं धरून पाच आठवडे गेले. प्रश्नावली आधी गूगल फॉर्मवर पाठवली, नऊ उत्तरं आली. मग छापून घेतली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकेका ऑफिसात डबा घेऊनच गेले. जेवता जेवता लोकांनी भरून दिली, आणि कागदावर नव्हतं तेही सांगितलं. पगार हे कारण वाटलं होतं मला. लोक बोलत होते ते शेवटच्या क्षणी बदललेल्या कट-ऑफबद्दल, हुकलेल्या गाडीबद्दल, पाळणाघर बंद व्हायच्या वेळेबद्दल. एक मुलगी म्हणाली, "मला आधी कळलं की आज उशीर आहे, तर मी थांबेन. मला सहाला कळतं." हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घातलं. बांधणी, दोन प्रती, ७०० रुपये.

शेवटची परीक्षा जून २०२४. एका पेपरला रुळांवर पाणी भरलं आणि मी कांजूरमार्गपासून रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत पंचवीस मिनिटं उशिरा पोचले, बसू दिलं. पावसाळ्यातल्या परीक्षेला दोन तास आधी निघा आणि चपला रबरी घाला. प्रोजेक्टचे गुण सप्टेंबरअखेर दिसले आणि त्याच दिवशी सगळं पूर्ण झालं. मी ऑफिसात होते, एक शिपिंग बिल चुकीच्या पोर्टवर फाइल झालेलं, त्याच्यामागे. संध्याकाळी दादरला उतरून पेढे घेतले, म्हणून नेहमीची गाडी चुकली.

खर्च एकूण बहात्तर हजारांच्या आसपास गेला: फी, परीक्षा शुल्क, ती लेट फी, कागद, झेरॉक्स, बांधणी. बिनपगारी रजा त्यात धरलेल्या नाहीत. त्या धरायला गेलं तर हे विचारतील, म्हणून मी मोजल्याच नाहीत.

दीक्षान्त समारंभ मार्च २०२५ मध्ये झाला, मी गेले नाही. पदवी नंतर पोस्टानं आली. त्या दिवशी वॉचमननं इंटरकॉम केला, "ताई, तुमच्या माहेरचं आलंय." एचआरला स्कॅन पाठवला, सोबत तो २०२२ चा मेल. 'फाइलला लावलं' असं उत्तर आलं. मॅनेजरची जागा सध्या रिकामी नाही. मुलगा चांगला आहे, कशाला सोडेल? पण कट-ऑफची यादी आता आम्ही दुपारी दोनलाच टेबलावर लावतो. त्यानंच सुरू केलं, माझा अहवाल वाचून.

पुस्तकं गेल्या महिन्यात आमच्याच ऑफिसातल्या एका मुलीला दिली. ती नालासोपाऱ्याहून येते. कोर्सचं पुस्तक जुनं झालं की बदलतं, तेव्हा आधी साइटवरच्या विषयांशी ताडून बघ, असं बजावलं. दोन दिवसांनी ती अकाउंटिंगचं पुस्तक घेऊन टेबलापाशी आली.

"ताई, इथं समासात जागोजागी 'शीव' लिहिलंय. महत्त्वाचं आहे का ते?"

"नाही गं," मी म्हटलं, "तिथं माझा डोळा लागायचा."